माणूस आला की फोटो रद्द

छायाचित्र खोटं बोलत नाही. आठवण दगा देते, कागदावर खाडाखोड होते, साक्षीदार उलटतो. पण एकदा टिपलेला क्षण कोणाच्याच बाजूने बोलत नाही, म्हणून तो सत्याच्या सर्वांत जवळ असतो. आमच्या प्रशिक्षणात एका मोठ्या साहेबांनी हे सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. साहेबांच्या मागे स्वागताचा फलक होता. त्यावरच्या फोटोत साहेबांचे केस काळेभोर होते आणि भरपूर होते.

यंदाही सोयाबीनचा हंगाम परत आला. आमच्या वाशिम जिल्ह्यात हे कळायला कॅलेंडर लागत नाही. मंगरूळपीरच्या बसस्थानकावर उतरलं की आधी घशात मळणीच्या कुटाराची धूळ जाते आणि मग मानेवर ऊन बसतं. आश्विनातलं हे ऊन मोठं हट्टी असतं. पावसाळा संपला हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, आणि हिवाळा जवळ आलाय हे सांगितलेलं त्याला चालत नाही. रस्त्याच्या कडेला, कधी थेट डांबरावर, सोयाबीनच्या शेंगा वाळत घातलेल्या असतात. एसटी त्यांच्यावरून जाते, ड्रायव्हर शिव्या देतो, आणि शेतकरी मनातून खूश असतो, कारण निम्मी मळणी महामंडळाने करून दिलेली असते.

आणि याच दिवसांत माझा मोबाइल म्हणतो, जागा संपली.

दरवर्षीच म्हणतो. दरवर्षी मी काहीतरी पुसून त्याचं तोंड बंद करतो. यंदा पुसायला उरला होता तो ‘रद्द’ नावाचा एक कप्पा, तीन वर्षांपूर्वीच्या हंगामाचा. तो इतके दिवस जपला होता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे आळसाने राहिला होता. बसस्थानकाच्या बाकावर बसून मी कप्पा एकदा चाळला आणि मग एकेक फोटो पुसायला घेतला. समोर कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा फलक होता. मधल्या मोठ्या गोलात दादा, भोवती लहान लहान गोलांत शुभेच्छुक. मी मोजायला लागलो आणि कंटाळून सोडून दिलं. काही चेहरे ओळखीचे होते; गेल्या वर्षी ते दुसऱ्या दादांच्या भोवती होते, गॉगल तोच. या तालुक्यात चेहऱ्यांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही.

माझ्या फोनमध्ये मात्र होती. त्याचं कारण माझं काम.

गावात यंदा सोयाबीन किती पिकलं हे ठरवायला अख्खं गाव कापून तोलता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे आकडे काढून थोडी शेतं निवडतात. त्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, ठरलेली पावलं लांबीत चालायची, ठरलेली रुंदीत, मग चार खुंट्या ठोकायच्या आणि दोरी ताणायची. दहा मीटर बाय पाच मीटर. तेवढंच विळ्याने सोंगायचं, तिथेच ताडपत्रीवर बडवायचं, दाणे तोलायचे. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. तो नीट होतो की नाही हे बघायला गावोगाव हिंडणारा जो माणूस असतो, तो मी. कागदावर माझं पदनाम लांबलचक आहे. गावात मला ‘दोरीवाले साहेब’ म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे.

प्रत्येक पायरीला फोटो काढावा लागतो. खुंट्यांचा, दोरीचा, उभ्या पिकाचा, आडव्या पिकाचा, काट्याचा. फोटोच्या तळाशी अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप उमटते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या एक मॅडम हे फोटो तपासायच्या. त्यांचा नियम एकच होता: चौकटीत माणूस नको. माणूस आला की बघणाऱ्याचं लक्ष पिकावरून उडतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणण्यात तथ्य होतं. शेतातल्या फोटोत माणूस दिसला की मलाही आधी तोच दिसतो. पण हा माझा दोष आहे असं तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. चुकून कोणाचा पाय जरी आला तरी दहा मिनिटांत मॅडमचा निरोप यायचा, ‘रद्द. मानवी उपस्थिती.’ एकदा एक पिवळं कुत्रं चारी खुंट्यांच्या बरोबर मधोमध झोपलं आणि काही केल्या उठेना. त्यावर निरोप आला, ‘रद्द. प्राणी.’

तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवला की आधी पोटऱ्या दुखतात. परतीचा पाऊस लांबला होता, त्यामुळे सगळ्यांची सोंगणी एकदम आली. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. सोंगलेल्या सोयाबीनचे खुंट सुईसारखे असतात, ते चपलेच्या तळातून वर येतात. शेंगांची लव शर्टात शिरते आणि अंघोळ केली तरी जात नाही. मुक्काम मंगरूळपीरला, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये. तिथे गादीला उदबत्तीचा वास यायचा आणि उदबत्तीला गादीचा. पुस्तक उशाशी ठेवून झोपायची माझी जुनी सवय. त्या हंगामात मी एकाच पुस्तकाचं तेच पान नऊ वेळा वाचलं. पान चांगलं असावं.

त्या दिवसांत मी सर्वांत जास्त उच्चारलेला शब्द ‘बाजूला’. फोन वर केला की शेतातला माणूस आपोआप सरळ उभा राहतो, हात मांड्यांना चिकटवतो, आणि चेहऱ्यावर कोणी गेल्यासारखं गांभीर्य आणतो. बाया पदर सारखे करतात. कोणीतरी कोणाला तरी हाक मारतं, “ये वो, फोटो निंगून राह्यला!” आणि तेवढ्यात मी म्हणायचो, “जरा बाजूला व्हा.” सगळे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहायचे. मी चार खुंट्यांचा फोटो घ्यायचो. त्यांना वाटायचं आता आपला नंबर. मी फोन खिशात टाकायचो.

काम झालं की कुणीतरी घरी चहाला न्यायचं. चहा येईस्तोवर मी भिंती बघायचो. या जिल्ह्यातल्या भिंती मी इतक्या बघितल्या आहेत की त्यावर कोणी पदवी देत असेल तर अर्ज करायला हरकत नाही. नवरा-नवरी, मागे स्टुडिओतला धबधबा. पोरगा, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर. प्लॅस्टिकच्या घोड्यावर बसून भोकाड पसरलेलं बाळ, जे आता अंगणात ट्रॅक्टर मागे घेत असतं. आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचलेले पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. फॉर्मला चार लागतात, स्टुडिओवाला सहा देतो. उरलेले दोन त्या घरातली कला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर तर मी एका आजोबांचा रेशनच्या फॉर्मवरचा फोटो मोठा करून लावलेला पाहिला. छातीवर अर्धा गोल शिक्का तसाच होता. कुठल्या तरी कार्यालयाने त्यांना प्रमाणित केलेलं होतं, आणि घरच्यांना त्याचं कौतुक होतं.

बाकावर बसून मी पुसत होतो ते याच्या उलट जातीचे फोटो. भिंतीवर जे लावतात त्यात माणूस फोटोसाठी उभा असतो. ‘रद्द’मध्ये जे होते त्यांना आपला फोटो निघतोय हेच माहीत नव्हतं. ताडपत्रीवर भाकरी खात बसलेल्या बायांचे नुसते पाय, दहाबारा, भेगाळलेले, एकाला जोडव्याऐवजी सुतळी बांधलेली. डब्यातलं पाणी वरून तोंडात ओतणारा एक म्हातारा, त्याचा गळा ताठ. अंगठ्यातला काटा सेफ्टीपिनने काढणारी मुलगी, जीभ बाहेर. पिवळं कुत्रं. आणि एका फोटोत तिरपी पडलेली माझीच सावली, खांद्याला पिशवी. ती बघेपर्यंत माझ्या पोटाच्या आकाराबद्दल माझं मत बरंच उदार होतं. चांगला फोटो कसा असतो यावर मी थोडंफार वाचलं आहे. पण हे फोटो चांगले होते की वाईट, ते मला ठरवता येईना. एवढंच कळत होतं की मॅडमनी मंजूर केलेल्या शेकडो फोटोंपैकी मला एकही आठवत नाही.

तरीही मी पुसत होतो. पुसताना बोटाला काही वाटत नाही.

निम्मे झाले असतील, तोच बस आली. वेळेवर आली. असंही कधी कधी होतं. मी फोन खिशात टाकला आणि चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळपीर आणि मानोऱ्याच्या मधल्या एका गावात दोरी ताणत होतो. धुऱ्याने एक बाई चालत आली. पन्नाशीची असेल, उंच, हातात कापडी पिशवी. थोडी लांब उभी राहून तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

“दोरीवाले साहेब तुमीच ना?”

“हो.”

“मले वळखलं नाई तुमी. कसं वळखान! पाह्यलंच कुठी होतं मले. बाजूले व्हा, बाजूले व्हा, एवढंच करत होते.”

तेव्हा ओळखलं. शेवंताबाई. शेजारच्याच गावची. तीन वर्षांपूर्वी चिठ्ठीत तिचं शेत निघालं होतं. दोन एकर, निव्वळ सोयाबीन, कडेने सडक. त्या दिवशी मी खुंट्या ठोकून फोन वर केला तर ही चौकटीच्या मधोमध.

“बाई, बाजूला व्हा. फोटो घ्यायचा आहे.”

“मंग घ्या ना. मी काय फोटोले खाऊन राह्यली?”

“माणूस आला की रद्द होतो.”

“माह्या वावरातून मीच बाजूले होऊ?” ती म्हणाली होती. “अन् हे कुत्रं?”

“तेही.”

“म्हंजे मी अन् कुत्रं एकच. चाल रे बाप्पा.” आणि ती धुऱ्यावर गेली होती. कुत्रं गेलं नाही. फोटो झाल्यावर मात्र तिने माझ्या मजुरांना विळा लावू दिला नाही. “तुमचे मानसं दाने सांडवतात,” म्हणाली, आणि पन्नास चौरस मीटर एकटीने सोंगून दिलं.

आता ती धुऱ्यावर पिशवी ठेवून बसली आणि तिने सांगितलं. तिचे यजमान नामदेव जाऊन बरीच वर्षं झाली. सासऱ्यांच्या पश्चात भावाभावांत वाटणी झाली ती तोंडी. कागदावर सगळी जमीन थोरल्याच्याच नावावर राहिली. थोरले म्हणजे तिचे भासरे, तुळशीराम. नामदेव गेल्यावर तिच्या वाट्याचे दोन एकर तीच करत आली. पेरणं, निंदणं, सोंगणं, सगळं. आता सडक रुंद झाली आणि कडेच्या शेताला किंमत आली. गोदाम बांधणारं कोणीतरी भासऱ्यांना भेटलं. म्हणून भासऱ्यांनी तहसीलमध्ये लिहून दिलं की ते दोन एकर स्वतः कसतात. नामदेवाची बायको माहेरी असते, तिने त्या वावरात कधी विळा धरला नाही. शेत कोणाच्या वहिवाटीत आहे, याची चौकशी लागली होती. सुनावणी मंगळवारी. तिथे भासऱ्यांचं खरं ठरलं तर शेवंताबाईंना पुढच्या हंगामात बाजूला व्हा म्हणायला मी लागणार नव्हतो.

“शेजारी सांगतील ना,” मी म्हणालो.

“सांगतात कायचे! मले म्हनतात, बाई, तुमचं खरं हाये, पन आमाले याच गावात राहाचं हाये. अन् मले काय मुंबईले जाचं हाये?” तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. “भासऱ्याइनं हे दाखोलं तहसीलात. मी नक्कल आनली. खाली सही तुमची हाये म्हनतात.”

सही माझीच होती. प्रयोगाचा फॉर्म. शेतकऱ्याचं नाव: सातबाऱ्यावर होतं ते, तुळशीराम. खाली छापलेलं वाक्य: ‘प्रयोगाच्या वेळी संबंधित शेतकरी स्वतः शेतात हजर होते.’ हे वाक्य प्रत्येक फॉर्मवर छापलेलंच असतं. मी ते एवढ्या वेळा सही करून खरं ठरवलं आहे की वाचायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी तुळशीराम शेतात नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, ते ओट्यावर पेपर वाचत होते. “कुठी करू, तेवढं सांगा,” म्हणाले. मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली. मी चहा घेतला.

इतकी वर्षं सह्या करतोय. एखादी सही धुऱ्याने चालत परत भेटायला येईल असं वाटलं नव्हतं.

“दिवसभर तं कचकच फोटो काढत होते,” शेवंताबाई म्हणाल्या. “त्यात माहा एक तरी असन.”

मी फोन काढला. आदल्या दिवशी बाकावर पुसलेले निम्मे कुठले आणि उरलेले निम्मे कुठले, याचा काही हिशेब नव्हता. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून तिने पदराची सावली धरली. गावं मागे मागे जात होती. पाय, म्हातारा, सावली. कुत्रं आलं तशी ती म्हणाली, “हे आलं पाहा. आता मीबी येतो मागून.” आणि आली. बस वेळेवर येण्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात झाला नव्हता.

एकच फोटो होता. दोरीच्या आत वाकून सोंगणारी बाई, पाठमोरी. लुगड्यावर पुरुषाचा जुना शर्ट, सोंगणीला सगळ्याच बाया घालतात तसा. लव टोचू नये म्हणून डोकं, कान, मान फडक्याने गुंडाळलेली. मी आडव्या पिकाचा फोटो घ्यायला घाई केली होती, म्हणून ती सापडली होती. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. शेत तेच, हे सिद्ध. दिवस तोच, हे सिद्ध. सोयाबीन सिद्ध. फक्त माणूस राहिला.

तिने पदर आणखी पुढे ओढून फोन डोळ्यांजवळ नेला.

“शर्ट ह्याइचा हाये,” म्हणाली. मग, “तोंड नाई काय कुठी?”

मंगळवारी सकाळी मंगरूळपीरच्या एका स्टुडिओत तो फोटो मोठा करून काढला. स्टुडिओवाला मोठा उमदा माणूस. त्याने फोटो पडद्यावर इकडून तिकडून फिरवला.

“मागं बगीचा टाकू काय?”

“नको.”

“सोयाबीन हटवून देतो. फुलं येतात मस्त.”

“सोयाबीन राहू द्या.”

“मंग चेहरा तं पायजे ना, काका! बाईचं आधार कार्ड असन तं द्या, त्यातला काढून लावून देतो. कोनाच्या बापाले समजत नाई.”

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं. “लावता येते?” त्यांनी हळूच विचारलं. मी नको म्हणालो. यात तत्त्वाचा भाग नव्हता. पाठीवर चेहरा कुठे लावणार, एवढाच प्रश्न होता.

सुनावणीची खोली लहान होती. भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी, सगळ्यांचे हार वेगवेगळ्या वर्षी वाळलेले. नायब तहसीलदार तरुण होता आणि माझ्याइतकाच थकलेला. तुळशीराम पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते. शेवंताबाई डोक्यावर पदर घेऊन खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही ही रीत त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाळली होती, आणि जमीन जायची वेळ आली म्हणून ती मोडावी असं दोघांपैकी कोणालाही वाटलं नाही. दोघं एकमेकांशी नायब तहसीलदाराच्या मार्फत भांडत होते.

“त्याइले इचारा,” शेवंताबाई खिडकीला म्हणाल्या, “यंदा पेरनी कोनत्या दिवशी झाली.”

“इले सांगा,” तुळशीराम तसबिरीला म्हणाले, “वावर कोनाच्या नावावर हाये ते.”

“मी पोस्टमन आहे का?” नायब तहसीलदार म्हणाला. त्याने फॉर्म माझ्यापुढे धरला. “ही सही तुमची?”

“हो.”

“शेतकरी स्वतः हजर होते असं इथे लिहिलंय. तुळशीराम होते का?”

मला निवृत्तीला किती दिवस उरले आहेत ते आठवलं, आणि ते बरेच निघाले.

“नव्हते. सही नंतर घरी घेतली. शेतात या होत्या.”

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“छापलेलं होतं. मी खाली सही केली.”

“हे तुमच्या वरिष्ठांना कळवावं लागेल.”

“कळवा.”

त्याने ते लिहून घेतलं. मग फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “ही पाठ कोणाचीही असू शकते,” तो म्हणाला. “मजूर असेल. शर्ट तर पुरुषाचा दिसतो. ओळख कशी पटवायची?”

शेवंताबाई खिडकीकडेच बघत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि फोटोतली तीच होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण पाठीला पाठ लावून बघा असं सरकारी माणसाला सांगता येत नाही.

“पाहू,” म्हणून तुळशीरामांनी हात पुढे केला. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, डोळ्यांवर चढवला. कोणताही शेतकरी आपल्या शेताचा फोटो बघेल तसा त्यांनी तो आधी कडेकडेने बघितला. धुरा, लिंबाचं झाड, सडक. मग मधोमध आले आणि त्यांचं कपाळ आक्रसलं.

“हे पाहा, पाहा साहेब! डाव्या हातात विळा. कितीक खेपा सांगतलं नामदेवाले, तुह्या बायकोले म्हना, विळा उजव्या हातानं धर. हिच्यापायी पातीत शेजारी कोनी उभं राहे नाई, न जानो कोनाचं बोट उडन. सारं गाव एकीकडून सोंगे अन् हे एकटी उलटीकडून. अजूनई तेच! ह्या वयात आता काय सुधरते!”

नायब तहसीलदाराने पेन उचललं. “म्हणजे ही कोण?”

“कोन म्हंजे? नामदेवाची बायको! दुसरं कोन सोंगते असं?” तुळशीराम म्हणाले, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. “म्हंजे... येत असन कधीमधी. मदतीले.”

“डाव्या हातानं धरला तं काय, रान तं साफ झालं ना,” शेवंताबाई खिडकीला म्हणाल्या. “सांगा त्याइले.”

या वेळी नायब तहसीलदाराने निरोप पोहोचवला नाही. तो लिहीत होता.

मी आजवर साक्षीपुराव्यांबद्दल जे काही वाचलं आहे त्यात या प्रकाराला नाव सापडत नाही. तुळशीरामांना सहज म्हणता आलं असतं, मला माहीत नाही. ते जमीन मिळवायला आले होते, तयारीने आले होते, इस्त्री करून आले होते. पण चुकीच्या हाताने सोंगणी चाललेली दिसली आणि त्यांच्यातला शेतकरी त्यांच्या आधी बोलला. माणूस खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा तो मोठ्या गोष्टींची तयारी करतो. विळ्याची कोण करतो?

बाहेर कडुलिंबाखाली उभं राहून मी फोटो शेवंताबाईंना दिला.

“पाठीचा फोटो कोन लावते भिंतीवर?” त्या म्हणाल्या. पण पिशवीत ठेवताना त्यांनी मेथीची जुडी आधी बाहेर काढली, फोटो तळाला सरळ ठेवला, आणि मेथी वर अलगद टेकवली. शर्टाची बाही जिथे दिसत होती तिथे एकदा अंगठा फिरवला होता, ते मी बघितलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाल्या, “चाला साहेब, बस निंगून जाईन.” मी त्यांना चहा विचारला. त्यांना वेळ नव्हता. त्यांचं सोयाबीन अजून शेतात ढीग घालून पडलं होतं आणि थ्रेशरवाल्याने दुपारचं सांगितलं होतं.

मला खुलासा मागवणारं पत्र आठवड्याभरात आलं. मी खुलासा दिला. तो तपासण्याचं काम ज्यांच्याकडे गेलं, त्यांनी फोन करून मला एवढंच विचारलं की असे फॉर्म आणखी किती असतील. मी म्हणालो, मोजले नाहीत. ते म्हणाले, मोजू नका.

दिवाळी जवळ आली तसे मानोऱ्याकडचे तांडे रिकामे व्हायला लागले. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या रस्त्यात दिसायच्या, वर पोरं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या. माझे प्रयोग संपले. पायातले खुंट हळूहळू निघाले. त्याच दिवसांत मंडळ अधिकारी शेवंताबाईंच्या शेतावर प्रत्यक्ष पाहणीला गेले. चौकशी पूर्ण झाली, आजूबाजूच्या शेजाऱ्यांनी आता न घाबरता सह्या केल्या, आणि शेवंताबाईंनी मला दुसऱ्याच्या मोबाइलवरून फोन करून सांगितलं की नाव लागलं. पुढे त्या मार्गाने जाणं झालं तेव्हा मी तहसीलमध्ये ती नोंद स्वतः बघितली, कारण छापलेलं वाचायची सवय मला नुकतीच लागली आहे. पाहणीच्या दिवशी सोयाबीन निघून गेलं होतं आणि हरभरा पेरायचा होता. वहिवाटदाराच्या रकान्यात शेवंताबाईंचं पूर्ण नाव आहे. शेजारच्या, पिकाच्या रकान्यात लिहिलं आहे: पडीक.